न काढलेला फोटो

सकाळी आल्यावर आधी बॅज, छातीवर.
मग शिशाचा एप्रन, लहान पोर खांद्यावर घ्यावं तसा.
तो घडी घालून ठेवायचा नसतो,
घडीवर शिसं मोडतं आणि वरून कळत नाही.
म्हणून वर्षातून एकदा आम्ही एप्रनचाच फोटो काढतो.
यंदा डाव्या खांद्याखाली भेग निघाली, केसाएवढी.
"बाईला रिटायर करा आता," पोतदारसर म्हणाले.
एप्रनला ते बाई म्हणतात.
स्वतः रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी
लक्ष्मीपुरीत भाजी घेतली की येतातच,
पिशवी बाकड्याखाली सारून बसतात.

सरांच्या उजव्या हाताची दोन नखं उभी चिरलेली.
त्या काळी रडणारं पोर ते स्वतःच धरायचे.
हातमोज्यांचा एकच जोड, तोही कपाटात,
किल्ली साहेबांकडे, साहेब मिरजेला.
"दिसत नव्हतं ना काही," म्हणतात.
एवढंच.

दिसत अजूनही नाही.
गंगावेशीतला पैलवान निखळलेला खांदा घेऊन येतो,
सोबत चौघं, चौघांनाही आत यायचं असतं.
"आमाला काय व्हतंय ताई? रोज दोन लिटर दूध हाय."
दुधाचं इथं चालत नाही, मी सांगतो.
(मी कोल्हापूरची. मी सांगतो, जातो, येतो.
पुण्याची तपासनीस बाई हसली होती,
मग गप्प बसून तिनं भिंतीची जाडी मोजली.)

त्या मंगळवारी एक मुलगी आली, भुदरगडकडची.
चिठ्ठीवर लिहिलेलं: कंबर, दोन बाजूंनी.
शेजारी सासू, हातात कागदांची पिशवी.
भिंतीवर पाटी आहेच, गरोदर असल्यास आधी सांगा,
लाल अक्षरं आता गुलाबी झालीत,
आणि भिंतीला कोण काय सांगतंय?
"शेवटची पाळी कधी?"
"झाली की परवाच," सासू म्हणाली. "तिला काय इचारताय?"

मी म्हटलं, मावशी, भाईर थांबा, किरणं असत्यात हितं.
एरवी ज्याला भ्यायचं
ते त्या दिवशी कामाला आलं.
शिशाचं दार जड. हळू लागतं.

टेबलावर ती आडवी, मशीन लावून तयार,
उजेडाची फुली तिच्या पातळावरच्या फुलावर.
मी परत विचारलं, दार लागलंय म्हणून जरा वेगळं.
छताकडं बघत ती म्हणाली,
"दीड म्हैना झाला.
मागं दोनदा राहिलं आन् गेलं.
म्हणून ह्या खेपेला कुणालाच बोललो न्हाई."

मी उजेड विझवला.
फुलीशिवाय फूल नुसतं फूल दिसलं, स्वस्तातलं, निळं.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, चारदा दुमडली, पिना मारल्या.
सासूला सांगितलं, मशीन तापलंय,
डॉक्टरांस्नी परत भेटा.
खोटं बोललो. मशीन थंड होतं.
मुलगी जाताना काही बोलली नाही,
चप्पल उलटी घातली, परत काढली, नीट घातली.

तीन महिन्यांनी बॅजचा रिपोर्ट येतो,
माझं नाव, माझा नंबर, पुढं एक आकडा.
झालेलं सगळं त्यात असतं.
न झालेलं कुठंच नसतं,
फक्त रजिस्टरात, एकेचाळीस नंबरच्या ओळीला,
जिथं किती किरण दिला ते लिहायचं
तिथं एक आडवी रेघ.

शनिवारी सर आले, सवयीनं रजिस्टर चाळलं.
रेघेवर थांबले.
चिरकं नख तिच्यावरून एकदा फिरवलं.
"हा चांगला आलाय," म्हणाले.
मग वाकून पिशवी ओढली,
मेथी सुकली असेल, म्हणाले, आणि गेले.